चोराला दार, पाहुण्याला भिंत

“चोराला दार उघडं, आणि पाहुण्याला भिंत.”

डॉन फेर्मिन हे माझ्याशी बोलले नव्हते. स्वतःशीच पुटपुटले. पण आम्ही दोघं एकाच मॉडेलवर वाकून उकिडवे बसलो होतो आणि माझा कान त्यांच्या मिशीपासून जेमतेम वीतभर होता. त्यामुळे ऐकलं नाही असं म्हणायची सोय नव्हती.

बावीस वर्षं झाली. पाराग्वे हा देश दक्षिण अमेरिकेच्या पोटात आहे, त्याला समुद्र नाही, आणि पहिल्यांदा मला तो नकाशात सापडायला दहा मिनिटं लागली होती. त्याची राजधानी असुन्सियोन. तिथे एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात लिसान्द्रो नावाच्या आर्किटेक्टचं ऑफिस होतं आणि मी त्यात पुठ्ठ्याची मॉडेलं करत असे. ‘डॉन’ म्हणजे तिकडे गुंड नव्हे, आपल्याकडचं ‘राव’. फेर्मिनराव आमचे गवंडी. साठी उलटलेली, हाताची बोटं विटेच्याच रंगाची. आराखडा त्यांना वाचता येत नसे. मॉडेल जमिनीवर ठेवायचे, समोर बसायचे आणि बोटाच्या पेरांनी मोजायचे. एक पेर म्हणजे एक मीटर. मीही मग मॉडेल त्यांच्या पेराच्या मापानेच करायला लागले होते.

लिसान्द्रोचा एकच हट्ट होता. जे उभं आहे ते पाडायचं नाही. कारखान्याचंही त्याने तसंच केलं होतं. भिंती ठेवल्या, मधल्या छताचे पत्रे उतरवून तिथे अंगण केलं आणि त्याच पत्र्यांच्या झडपा करून मावळतीच्या उन्हाला आडव्या लावल्या. “आपण इमारती बांधत नाही,” तो म्हणायचा, “सावली बांधतो. इमारत बहुतेक वेळा आधीच असते.”

या वेळची आधीची इमारत म्हणजे तीस किलोमीटरवरच्या एका गावातलं तंबाखूचं जुनं गोदाम. लांबलचक, जाड भिंतींचं, उगवतीच्या टोकाला एक आंबा. त्या गावातल्या बायका चौकटीवर दोरा ताणून सुईने जाळीदार लेस विणतात. तिचं तिकडचं नावच मुळी ‘कोळ्याचं जाळं’. त्यांच्या मंडळाने गोदाम मिळवलं होतं. तिथे बसून विणायचं, तर उजेड हवा आणि घाम नको. लिसान्द्रोने ब्राझीलला हृदयाचं ऑपरेशन करून घ्यायला जाण्याआधी एका कागदी रुमालावर चित्र काढून दिलं. गोदाम, त्याच्यापासून आठ फुटांवर विटांच्या जाळीची एक उंच भिंत, भिंतीवर वेल, आणि भिंतीपलीकडे किरणांचा एक मोठा सूर्य. ऊन आणि गरम वारा जाळीवर थांबेल, आत नुसता उजेड जाईल. चित्रावर दिशा लिहिली नव्हती. सूर्य काढल्यावर दिशा कशाला लिहायची? आपण पेल्यावर ‘वरची बाजू’ असं लिहितो का?

त्या चित्रावरून आराखडा काढला तो सदानंदनी. सदानंद म्हणजे माझे यजमान.

“सिन्योरा,” फेर्मिनराव आता मोठ्याने म्हणाले. त्यांनी तर्जनी मॉडेलच्या भिंतीवर टेकवली. “ही भिंत या अंगाला?”

“हो.”

“दक्षिणेला?”

मी उत्तर द्यायच्या आत मागे चपलांचा आवाज आला. सदानंद चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांना स्पॅनिश येत नव्हतं. म्हणजे ‘सुप्रभात’ आणि ‘किती झाले’ एवढं येत होतं.

“काय म्हणतोय तो?”

“विचारतायत, विटा किती लागतील,” मी म्हणाले.

“सांग, बारा हजार. वर पाचशे धर, फुटतात.”

मी फेर्मिनरावांकडे वळले. “असंच आहे,” मी स्पॅनिशमध्ये म्हणाले. “आराखड्यात असंच आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, आणि बोट उचललं.

चोर कोण आणि पाहुणा कोण, हे मला चांगलं ठाऊक होतं. तिकडे उत्तरेचा वारा म्हणजे भट्टीचं तोंड. तो सुटला की माणसं भांडतात, दूध नासतं, कुत्री उगाच भुंकतात. दक्षिणेचा वारा मागाहून येतो, गार, पावसाचा वास घेऊन. त्याची वाट बघतात. आणि सूर्य? तो त्या देशात उत्तरेच्या अंगाने जातो. आपल्याकडे दक्षिणेकडून कलतो ना, बरोबर त्याच्या उलट.

हे मला कोणी शाळेत शिकवलं नव्हतं. पापडांनी शिकवलं. पहिल्या वर्षी मला साबुदाण्याचे पापड करायची हुक्की आली. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो तिकडे बटाट्यासारखा रोज खातात, त्यामुळे सत्त्व मिळालं मुबलक. पापड घातले आणि आईच्या शिकवणीप्रमाणे दक्षिणेच्या गॅलरीत वाळत टाकले. तीन दिवस गेले तरी ओलेच. चौथ्या दिवशी त्यांना हिरवी मिशी फुटली. शेजारीण म्हणाली, सिन्योरा, ऊन घराच्या पलीकडे आहे, तुम्ही इथे काय वाळवताय?

गोदामाची मापं घ्यायला गेले होते तेव्हा हा किस्सा मी लेसवाल्या बायकांना सांगितला. त्या इतक्या हसल्या की एकीचा दोरा तुटला. मंडळाची प्रमुख न्या सेफेरिना (‘न्या’ म्हणजे आपल्या ‘बाई’सारखं, वयाने मोठी असली की लावायचं) डोळे पुसत म्हणाली, “आणि तुझ्या नवऱ्याला तरी कळलं का, सूर्य कुठे असतो ते?”

“त्यांना कुठे पापड वाळवायचेत,” मी म्हणाले, “ते अजून दक्षिणेलाच समजतात.”

पुन्हा हशा. त्यानंतर मी गेले की सेफेरिना लांबूनच विचारायची, “काय म्हणतात पापादेस?”

तर हे असं. मला ठाऊक होतं.

मग बोलले का नाही? त्यासाठी सदानंदांचं सांगायला हवं. ते नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात सिव्हिल इंजिनियर होते. पाराग्वेत नवा कारखाना उभा राहणार, त्याचं बांधकाम बघायला त्यांना बोलावणं आलं. निघताना सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं, ‘सातासमुद्रापार’ हा शब्द सहा वेळा. मी त्यांच्या वर्षभर आधी गेले होते, भावाकडे. तो तिथे औषधाच्या कंपनीत होता, त्याची बायको बाळंत व्हायची होती. तिथेच मला लिसान्द्रोच्या बायकोने माझ्या भाचीच्या वाढदिवसाला थर्माकोलचा किल्ला कापताना पाहिलं. मी पेणची. गणपतीच्या दिवसांत आमच्या आळीत लहान पोरही ब्लेडने महिरप कापतं. बारावीनंतर लग्न, पण हातात तेवढं होतं. तिने मला नवऱ्याच्या ऑफिसात नेलं. सदानंद आले आणि चार महिन्यांत तो साखर कारखाना कागदावरच मिटला. परत जायला तोंड नव्हतं, कारण शाल घेतली होती. मग मीच लिसान्द्रोला विचारलं.

म्हणजे पंचवीस वर्षांच्या अनुभवाच्या माणसाला नोकरी लागली ती बारावी पास बायकोच्या शब्दावर. ते कधी बोलले नाहीत. पण पहिल्याच महिन्यात मी मॉडेल करताना त्यांच्या आराखड्यात जिन्याची एक पायरी जास्त निघाली, आणि ती मी सगळ्यांसमोर मोजून दाखवली. लिसान्द्रो हसला, बाकीचेही हसले. सदानंद दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले, पण भाताकडे बघत.

तरी त्या संध्याकाळी मी प्रयत्न केला.

“अहो, आपल्या त्या दक्षिणेच्या गॅलरीत ऊन येतच नाही बघा कधी.”

“समोर उंच बिल्डिंग आहे.”

“तसं नाही. इथे सूर्य...”

त्यांनी चमचा ताटात ठेवला. आवाज न करता ठेवला. “पायरीचं झालं,” ते म्हणाले. “आता सूर्य का?”

मी कोशिंबीर वाढली.

भिंत बांधायला जुलैचा अख्खा महिना लागला. फार सुंदर झाली. फेर्मिनरावांनी विटा कडेवर, तिरक्या, एकाआड एक अशा लावल्या की समोरून भिंत दिसावी आणि बाजूने पडदा. सेफेरिनाने एकदा त्यांना विचारलं म्हणे, ही इकडे कशाला? ते म्हणाले, लिसान्द्रो शिकलेला आहे, काही युक्ती असेल. सेफेरिनालाही ते पटलं. लिसान्द्रोने आजवर त्या भागात जे काही उलटसुलट केलं होतं ते शेवटी बरोबरच निघालं होतं.

लिसान्द्रो ऑगस्टमध्ये परतला. बारीक झालेला, सिगारेट सुटलेली, त्यामुळे हातांना काम नसलेला. तो भिंतीसमोर उभा राहिला. आधी भिंतीकडे पाहिलं, मग वर, मग मागे वळून गोदामाच्या उघड्या उत्तरेकडे. बराच वेळ. आराखड्यावर खाली त्याची सही होती. आजारपणात न बघता केलेली, पण सही.

“काम सुंदर आहे, फेर्मिन,” तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

ऑगस्टची थंडी होती, उद्‌घाटन छान पार पडलं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तरेचा वारा सुटला. तो आणि त्याच्याबरोबर तिरकं ऊन सरळ गोदामात शिरलं, आणि आत शिरलेलं काही बाहेर जाईना, कारण पलीकडे आमची भिंत होती. मधेच दोन दिवस दक्षिणेचा वारा आला, तो त्याच भिंतीवर आपटून वळला. पांढऱ्या दोऱ्यावर घामाचे डाग पडायला लागले. सुई बोटातून निसटायची. एक बाई चौकटीवरच चक्कर येऊन पडली. महिना संपायच्या आत बायकांनी चौकटी उचलल्या आणि आंब्याखाली जाऊन बसल्या. नवं घर रिकामं, मालकिणी बाहेर.

सेफेरिनाने बैठक बोलावली. दुपारी, मुद्दाम गोदामातच. “बसा,” म्हणाली, “तुम्हालाही कळू दे.”

एका बाकावर लिसान्द्रो, सदानंद आणि मी. समोर पंधरा-वीस बायका, आणि दारात जमिनीवर फेर्मिनराव. सदानंदांच्या मांडीवर आराखड्याची नळी होती. तेरेरेचा पेला फिरत होता. शिंगाच्या पेल्यात पाल्यावर गार पाणी ओतायचं, धातूच्या नळीने ओढायचं आणि पुढच्याला द्यायचं. तो फिरत असेपर्यंत कोणी मुद्द्याचं बोलत नाही.

पेला फिरून आला.

“भिंत चुकीच्या अंगाला आहे,” सेफेरिना म्हणाली. “ही युक्ती नाही. मला एवढंच सांगा, हे कोणामुळे?”

“काय म्हणतेय?” सदानंदांनी विचारलं.

“म्हणतात, भिंत उत्तरेला हवी होती. कोणामुळे चुकली?”

त्यांच्या कपाळावर घाम होता, पण तो सगळ्यांच्याच होता. त्यांनी नळीवर दुसरा हात ठेवला. उघडली नाही. लिसान्द्रोने नळीकडे पाहिलं आणि मागितली नाही. मी नळीकडे पाहिलं. कागद बाहेर काढला असता तर तीस सेकंदांचं काम होतं.

“माझ्यामुळे,” फेर्मिनराव म्हणाले.

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

“मॉडेलवरचं झाड सुटलं होतं. आंब्याचं. मी ते दुसऱ्या टोकाला खोचलं. मग सगळंच फिरलं, उत्तरेचं दक्षिण झालं.” हे बोलताना ते सेफेरिनाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. “वय झालं. नजर राहिली नाही.”

ते झाड मी घोसाळ्याच्या वाळक्या जाळीचं केलं होतं आणि दोनदा डिंक लावून बसवलं होतं. एक वेळ मोडलं असतं, सुटलं नसतं.

“काय म्हणाला तो?” सदानंदांनी विचारलं.

मी सांगितलं. अगदी शब्दन् शब्द.

त्यांचा नळीवरचा हात सैल झाला. “हं,” ते म्हणाले.

लिसान्द्रो उठला. “ठीक आहे. मग तसंच,” तो म्हणाला. भिंत फेर्मिनने उतरवायची आणि त्याच विटांनी उत्तरेला बांधायची, असं ठरलं. पुढच्या गावात शाळेचं काम होतं, ते फेर्मिनना द्यायचं आधीच कबूल केलं होतं. जाता जाता लिसान्द्रो त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “शाळेचं दुसऱ्या कोणाला देतो. तू आता जरा विश्रांती घे.”

गोदामाचं गाव फेर्मिनरावांचं स्वतःचं. तिथे चाळीस वर्षं ज्यांना लोक विहिरीची जागा आणि घराचं तोंड विचारायला यायचे, त्यांना महिन्याभरात ‘उलटा फेर्मिन’ हे नाव पडलं. घर बांधणाऱ्या एकाने त्यांच्याकडून गवंडी काम काढून जावयाला दिलं. वर म्हणे हसत, “आमचं दार रस्त्याकडेच हवंय, परसात नको.”

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी स्वयंपाकघरातून पाहिलं, सदानंदांनी जेवणाच्या टेबलावर आराखडा उलगडला. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. बराच वेळ वाकून पाहिलं. मग उठून गॅलरीत गेले, दक्षिणेच्या, आणि वर बघत उभे राहिले. बारा वाजले होते. गॅलरीत ऊन नव्हतं. समोर उंच बिल्डिंगही नव्हती. दोन मजली घर होतं, मी पाच वर्षं बघत होते.

ते आत आले, वाट्या उचलल्या, कागद गुंडाळला आणि कपाटावर मागच्या बाजूला टाकला.

“चहा टाक,” म्हणाले.

मी टाकला. आलं किसून टाकलं. तेही एक बोलणंच असतं, असं मी तेव्हा समजत असे.

भिंत उतरवायला सुरुवात झाली तशी मी एकटी बसने गावाला गेले. फेर्मिनराव शिडीवर होते. हातोडीची मागची बाजू हलके मारायची की वीट अख्खी हातात येत होती, जशी काय पिकली होती.

“इतक्या सहज निघतायत?” मी विचारलं.

“चुना जास्त घातला होता, सिमेंट कमी,” ते खाली उतरत म्हणाले. “कधीतरी काढायची वेळ येणार, हे पहिल्या दिवशीच दिसत होतं. विटांनी का फुटायचं?”

मी त्यांच्यासमोर बसले. “डॉन फेर्मिन, झाड सुटलं नव्हतं.”

“नव्हतं,” ते म्हणाले.

“मग?”

त्यांनी हातावरची धूळ झटकली. “सिन्योरा, तुमच्या हातचं दार नखाएवढं असतं आणि त्याला कडीसुद्धा असते. असा हात एकदा चुकला तर काय? तुम्ही परक्या देशात. ऑफिसातून काढलं तर जाल कुठे? मला माझ्या गावातून कोण काढणार?”

त्यांनी आराखडा कधी पाहिलाच नव्हता. त्यांच्यासाठी काम म्हणजे मॉडेल, आणि मॉडेल म्हणजे मी. चूक माझी, आराखडा मीच उलटा वाचला, असं समजून त्यांनी ती अंगावर घेतली होती.

तेव्हा सांगता आलं असतं. दोघंच होतो. ‘माझा हात चुकला नाही, कागद चुकला, आणि तो कागद कोणाचा’ एवढी तीन वाक्यं. मी तेरेरेचा पेला भरला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी नळीने ओढला आणि म्हणाले, “पाला थोडा जास्त झाला.”

परत निघताना आंब्याखाली सेफेरिना विणत होती. या वेळी तिने पापडांचं विचारलं नाही.

“ते झाड,” ती सुईवरून नजर न काढता म्हणाली, “खरंच सुटलं होतं का?”

“आठवत नाही,” मी म्हणाले.

“फेर्मिन झोपेत कूस बदलतो ना, तीसुद्धा वारा बघून. त्याच्या बायकोने सांगितलंय मला.”

“माझी बस जाईल,” मी म्हणाले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला भिंत उत्तरेला उभी राहिली आणि गोदाम खरंच गार झालं. आत पाऊल टाकलं की माठाजवळ गेल्यासारखं वाटायचं. बायका परत आत आल्या. लिसान्द्रो म्हणाला, छोटासा कार्यक्रम करू. झालं ते झालं.

आणि सदानंद म्हणाले, मी दोन शब्द बोलतो.

महिन्याभरात त्यांच्यात एक बदल झाला होता. ते आता फेर्मिनविषयी आपण होऊन बोलायचे, मायेने. बिचारा, वय झालं, कागद वाचता येत नाही. मी ऐकत राहायचे. कपाटावरच्या त्या कागदावर धूळ बसत होती आणि त्यांच्या बोलण्यातली ती गोष्ट रोज थोडी खरी होत होती. कार्यक्रमाच्या सकाळी त्यांनी ट्रंक उघडली आणि शाल काढली. त्यांच्या सत्काराची, जरीकाठी, डांबरगोळीच्या वासाची. “आपल्याकडे माणसाचा मान कसा करतात ते कळू दे त्यांना,” म्हणाले. नारळ बाजारातून आणला होता.

गोदामात सगळं गाव होतं. चिपा, म्हणजे चीज घातलेल्या कडक कड्यांसारख्या रोट्या, टोपलीतून फिरत होत्या. बाहेर अडतीस-एकोणचाळीसचं ऊन. फेर्मिनराव धुतलेला सदरा घालून भिंतीशी बसले होते. सदानंदांनी त्यांना पुढे बोलावलं, खुर्चीवर बसवलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. त्या उकाड्यात जरीची शाल. फेर्मिनरावांनी नारळाकडे पाहिलं. फोडायचा की धरायचा, ते त्यांना कळेना.

सदानंद मराठीतून बोलायला लागले आणि मी शेजारी उभी राहून स्पॅनिशमध्ये सांगायला.

“माणूस आहे, चुकतो.”

मी सांगितलं.

“कागद वाचता येत नाही, हा काही गुन्हा नव्हे.”

सांगितलं.

“पण चारचौघांत आपली चूक कबूल करायची, तर मन मोठं लागतं. फेर्मिनरावांनी ते दाखवलं. म्हणून आम्हीही मनात काही ठेवलेलं नाही. आम्ही त्यांना मोठ्या मनाने माफ केलं आहे.”

इथे मी पाणी प्यायले आणि तेही सांगितलं. माफ हा शब्द स्पॅनिशमध्ये फार सोपा आहे.

फेर्मिनराव मान खाली घालून ऐकत होते. कानांच्या मागून घाम शालीत उतरत होता. शेवटच्या वाक्याला त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघून किंचित हसले. ‘चालायचंच’ असं ते हसू होतं. मला धीर द्यायला.

टाळ्या सुरू झाल्या, आणि सेफेरिना उठली. तिच्या हातात विणायची सुई तशीच होती. ती टाळ्या संपेपर्यंत थांबली. मग फेर्मिनरावांशी बोलली, पण त्यांच्या आपसातल्या गावच्या बोलीत नव्हे, स्पॅनिशमध्ये, सावकाश, जसं परक्या माणसाला कळावं म्हणून बोलतात.

“फेर्मिन, ती शाल काढ. झाड सुटलं नव्हतं. या बाईने काही चुकवलं नव्हतं, कागदच उलटा होता. आणि सूर्य कुठे असतो ते या बाईला पापादेसच्या वेळेपासून ठाऊक होतं.”

चिपाची टोपली एका बाईच्या हातात अधांतरी राहिली. लिसान्द्रो आपली टोपी गोल गोल फिरवत होता. फेर्मिनराव माझ्याकडेच बघत होते. ते हसू अजून तिथे होतं, पण त्याच्या मागे कोणी नव्हतं.

सदानंदांचे हात नमस्कारात जुळलेले होते. टाळ्या आपल्याला होत्या, आता आभार चालले असतील, अशा समजुतीने त्यांनी माझ्याकडे मान कलती केली.

“काय म्हणतेय ती?”

विटा, असं माझ्या ओठांवर आलं. विचारतायत, विटा किती लागल्या.

“त्या म्हणतायत,” मी म्हणाले, “आराखडा उलटा होता. आणि सूर्य कुठे असतो ते मला पापडांच्या वेळेपासून ठाऊक होतं.”